विरजण आणि विकर : एका दृष्टांताची मर्यादा

विकराचे कार्य विशद करताना विरजणाचा दृष्टांत देण्याची प्रथा आहे. अल्प द्रव्याने मोठा पालट घडतो, एवढ्यापुरता तो सार्थ होय. पुढे मात्र तो विद्यार्थ्यास चकवितो. विरजणातील जीवाणू सजीव असून दुधात वाढतात. म्हणूनच आजच्या दह्याचे उद्या पुन्हा विरजण होते. विकर हा केवळ रेणू. तो अभिक्रियेत खर्ची पडत नाही, तसाच वाढतही नाही. हा भेद क्षुल्लक नव्हे. किण्वनास जिवंत पेशी हवीच काय, हाच एकोणिसाव्या शतकातील वाद होता. १८९७ मध्ये बुखनरने वाळूबरोबर घोटलेल्या यीस्टचा पेशीरहित रस काढला, आणि त्यातही साखर आंबली. पुढे १९२६ मध्ये समनरने युरिएजचे स्फटिक मिळवून ते प्रथिन असल्याचे दाखविले.

‘एन्झाइम’ या ग्रीक घडणीच्या शब्दाचा अर्थ ‘यीस्टमधील’. त्याहून ‘विकर’ सरस, मग त्यास ‘विकारा’चा किंचित दर्प का येईना, तो स्थान सांगत नाही, कार्य सांगतो. १९८२ मध्ये आरएनएचेही उत्प्रेरक कार्य उघडकीस आले, तेव्हा त्यास बाध आला नाही. दृष्टांत दुधाचाच हवा असेल, तर वासराच्या जठरातील रेनेटचा द्यावा. त्यातील कायमोसिन हे विकर जीवाणूंवाचून दूध साकळविते.