शजरा आणि दप्तर

दर वर्षी मी वर्गातील मुलांना आपल्या खानदानाचा शजरा लिहून आणायला सांगतो. आमच्या मालेगावातील अनेक मोमीन घराण्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात विणकामाचा हुन्नर घेऊन उत्तरेतून आले. पण वहीत काय येते? पणजोबांपाशी नावे संपतात आणि पुढची उडी थेट अरबस्तानात. मधला विणकर गायब! ही सवय मुलांची नाही, आम्हा मोठ्यांची आहे. म्हणूनच श्राबणी बसू यांचे 'व्हिक्टोरिया अँड अब्दुल' (२०१०) हे पुस्तक वाचताना मला राणीपेक्षा मुन्शी अब्दुल करीम यांच्या वडिलांनी जास्त अस्वस्थ केले.

अब्दुल करीम हे आग्र्याच्या तुरुंगातील कारकून. १८८७ मध्ये, चोविसाव्या वर्षी, राणीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ते इंग्लंडला गेले; आधी मेजावर वाढपी, मग राणीचे उर्दूचे उस्ताद, मुन्शी. जानेवारी १९०१ मध्ये राणी वारली आणि सातव्या एडवर्डच्या हुकमाने मुन्शींकडील पत्रे जाळण्यात आली. १९०९ मध्ये आग्र्यात त्यांचे निधन झाले. त्यांना मूलबाळ नव्हते. म्हणजे सांगणारा कोणी उरू नये अशीच व्यवस्था झाली होती.

तरीही दोन गोष्टी उरल्या. पहिली, विंडसरमधील राणीच्या उर्दू अभ्यासाच्या तेरा वह्या. उर्दू न येणाऱ्या चरित्रकारांसाठी त्या मुक्याच होत्या. बसूंनी त्यांना बोलते केले. दुसरी, मुन्शींची रोजनिशी. पुतण्याच्या वंशजांनी फाळणीनंतर ती कराचीत जपली होती. पुस्तक निघाल्यावर ती उजेडात आली आणि पुढच्या आवृत्तीत तिचा समावेश झाला. राजाने जाळले, घराने राखले. एका पूर्वजाचा माग काढण्यात घरच्या कागदाचे मोल काय, हे यापेक्षा वेगळे सांगायला नको.

पण घरचा कागद पाक असतो असे समजण्याचे कारण नाही. मुन्शींचे वडील सर्जन-जनरल असल्याचा बोलबाला दरबारात होता. १८९४ मध्ये व्हाइसरॉयच्या पदरी असलेल्या फ्रेडरिक पॉन्सन्बी यांनी आग्र्यात चौकशी केली, तेव्हा ते तुरुंगातील औषधे देणारे निघाले. दरबाऱ्यांना आयते हत्यार मिळाले. राणीने उलट सुनावले, की आपण खाटकाचा आणि वाण्याचा मुलगा आर्चबिशप झालेला पाहिला आहे.

इथे कोणाचा कागद खरा मानावा? वजीरुद्दीन हे हॉस्पिटल असिस्टंट होते. हे सरकारी वैद्यकीय सेवेतील कनिष्ठ पद. याच पदाला पूर्वी 'नेटिव्ह डॉक्टर' म्हणत. तेव्हा 'डॉक्टर' म्हणणे ही निव्वळ थाप नव्हती, आणि 'सर्जन-जनरल' हे सत्य नव्हते. दरबाऱ्यांची माहिती मोठ्या प्रमाणात बरोबर होती, नियत मात्र वाईट होती. मुन्शींच्या बाजूची नियत समजण्यासारखी होती, माहिती मात्र फुगलेली होती. जिथे माणसाची किंमत बापाच्या पदावर ठरते, तिथे बापाचे पद वाढवले जाते. दोष एकट्या मुलाचा नाही.

बसूंचा कल मुन्शींकडे आहे. इतकी वर्षे फक्त विरोधकांचीच तहरीर वाचली गेली असताना तो क्षम्य आहे. मात्र रोजनिशी हीदेखील आपली प्रतिमा जपणाऱ्या माणसाने लिहिली आहे, हे वाचकाने विसरू नये. ती दोन महोत्सवांमधली, १८८७ ते १८९७ ही दहा वर्षे सांगते. पडता काळ तिच्यात नाही. मला पुस्तकाकडून आणखी एक हवे होते: दवाखान्यात आयुष्य काढणाऱ्या त्या बापाचा स्वतंत्र मान. वादाच्या धुरळ्यात तो मुलाच्या बढाईचा पुरावा म्हणूनच उरतो.

आपल्याकडे पेट्यांच्या तळाशी उर्दूत, मोडीत, फारसीत लिहिलेले कागद पडून आहेत. वाचणारे कमी होत चालले आहेत. ते कागद कोणी वाचले, तर त्यातून कदाचित नवाब निघणार नाही. विणकर निघेल, औषधे देणारा निघेल. त्याला शजऱ्यात जागा द्यायची हिंमत आपल्यात आहे का? नसेल, तर आपली पत्रे जाळायला कोणा बादशहाची गरज नाही.