‘द डिसायपल’ : वडिलांचं अपुरं स्वप्न आणि आईचं न विचारलेलं

चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ २०२० साली व्हेनिस महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. तिथे त्याला पटकथेचं पारितोषिक मिळालं आणि ३० एप्रिल २०२१ ला तो नेटफ्लिक्सवर आला. माझ्या ओळखीतल्या अनेकांनी तो पहिल्या वीस मिनिटांत बंद केला. कारण एकच, ‘रागातलं काही कळत नाही बुवा.’

रागातलं मलाही कळत नाही. पण हा सिनेमा मला गाण्याइतकाच घराबद्दलचा वाटतो. घरात न बोललेलं स्वप्न एका माणसातून दुसऱ्यात कसं उतरतं, ते इतक्या शांतपणे दाखवणारा दुसरा मराठी सिनेमा मला पटकन आठवत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. शरद नेरुळकर मुंबईत आजीबरोबर राहतो आणि गुरुजींकडे गाणं शिकतो. त्याच्या वडिलांना गायक व्हायचं होतं, ते जमलं नाही. आता वडील नाहीत. गुरुजींच्या गुरू माई, त्याही नाहीत. उरल्यात माईंच्या भाषणांच्या टेप. रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून शरद मोटारसायकल चालवतो, कानात माईंचा आवाज असतो आणि पडद्यावर सगळं संथ होतं. माईंचा चेहरा आपल्याला दिसत नाही. आवाज दिवंगत सुमित्रा भावे यांचा आहे. त्या आवाजावरून शरद मनात एक माई उभी करतो आणि आपणही करतो.

कल्पनाशक्तीचं कौतुक आपण नेहमी एकाच सुरात करतो : कल्पना करा, स्वप्नं बघा, मोठे व्हा. हा सिनेमा तिची दुसरी बाजू दाखवतो. जो समोर नाही त्याच्याविषयी कल्पना करणं सोपं असतं. माई खोकत नाहीत, औषधाचे पैसे मागत नाहीत. वडील ‘पुरे आता’ म्हणायला येणार नाहीत. म्हणून ते दोघं शरदच्या मनात मोठे होत जातात. गुरुजी मात्र समोर म्हातारे होत असतात. शरद त्यांचं अंग चोळतो, त्यांना डॉक्टरांकडे नेतो. हे करताना त्याच्या चेहऱ्यावर भक्ती असते, तसा थकवाही असतो.

आमच्या क्षेत्रात इनहेरिटन्स नावाची एक गोष्ट शिकवतात. पॅरेंट क्लासमधल्या प्रायव्हेट गोष्टी चाइल्ड क्लासला थेट वाचता येत नाहीत. पण त्या नाहीशा झालेल्या नसतात. त्या आत असतात आणि पॅरेंटकडून आलेल्या मेथड्स त्यांच्यावरच चालतात. शरदचं तसंच आहे. वडिलांनी नेमकं काय पाहिलं होतं, कुठल्या क्षणी त्यांना स्वतःची मर्यादा कळली, हे तो कधी विचारू शकला नाही. तरी तो चालतो त्यावरच. लहानपणी वडिलांनी लावलेली रियाजाची सक्ती मोठेपणी त्याला स्वतःची निष्ठा वाटू लागते.

आपल्यातल्या बहुतेकांच्या घरची स्वप्नं उलट दिशेची असतात : सीट, पॅकेज, हिंजवडीच्या जवळपास टू बीएचके. ती उघड बोलली जातात, म्हणून त्यांच्याशी भांडता तरी येतं. शरदला भांडायला माणूसच नाही. गुरुजींची भूमिका करणारे पं. अरुण द्रविड प्रत्यक्षात केमिकल इंजिनिअर आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक. शरद झालेला आदित्य मोडक गायक आणि सीए. दोन्ही एकाच आयुष्यात बसवता येतं याचे हे दोन जिवंत पुरावे. पण शरदसाठी ‘दोन्ही’ हा पर्यायच नसतो. माईंच्या टेपमध्ये सगळं किंवा काहीच नाही, एवढंच आहे.

इथपर्यंत सिनेमा मला पूर्ण पटतो. माझी तक्रार पुढे सुरू होते.

या सिनेमात फ्लॅशबॅक कुणाला मिळतो ते बघा. वडिलांना मिळतो. त्यांचा ध्यास, त्यांचं मुलाला घेऊन बसणं, सगळं आपल्याला दिसतं. आई मात्र बहुतेक फोनवरच्या आवाजापुरती उरते आणि शरद तिला तुटक उत्तरं देतो. गाण्यात न जमलेल्या माणसाबरोबर संसार करताना तिने काय सोडलं? तिला काय व्हायचं होतं? आजी तर रोज त्याच घरात आहे. तिच्या मनात काय होतं, हे शरद विचारत नाही आणि सिनेमाही विचारत नाही.

यावर उत्तर तयार असतं : कॅमेरा शरदबरोबर आहे, शरद आंधळा आहे, म्हणून आपल्यालाही दिसत नाही. मला ते पुरेसं वाटत नाही. कारण हाच सिनेमा हवं तेव्हा शरदच्या कल्पनेला तडा देतो. बारमधला तो प्रसंग आठवा. एक जाणकार संग्राहक माईंबद्दल न ऐकवणाऱ्या गोष्टी सांगतो आणि शरद त्याच्या तोंडावर ग्लास रिकामा करतो. माईंची मूर्ती फोडायला सिनेमाने एक माणूस आणून बसवला. आईबद्दल शरदने करून घेतलेला समज फोडायला कुणीच येत नाही. म्हणजे देवत्व तपासायची तयारी आहे, पण घरातल्या बाईला स्वप्न असेल ही शक्यता तपासायची नाही. इतक्या चोख पटकथेतली ही जागा मला रिकामी वाटते.

आणि ती रिकामी जागा शेवटी महागात पडते. शरद भर मैफलीत गाणं थांबवून उठतो. मग तो जुन्या, दुर्मिळ संगीताच्या जतनाच्या कामात रमतो. हा पराभव की सुटका, हे सिनेमा ठरवत नाही आणि ते योग्यच आहे. वडिलांचं स्वप्न त्याने पुरं केलं नाही, पण टाकलंही नाही, त्याला वेगळं काम दिलं. घरोघरी बहुतेक स्वप्नांचं असंच काहीतरी होतं.

शेवटी तो बायको आणि लहान मुलीबरोबर लोकलमध्ये बसलेला दिसतो. डब्यात एक माणूस गात भीक मागत येतो. बहुतेक समीक्षकांनी त्या गायकाकडे आणि शरदच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तुम्ही पुन्हा बघाल तेव्हा शेजारी बसलेल्या मुलीकडे बघा. तिचे वडील आता रोज समोर आहेत, म्हणून त्यांच्याविषयी कल्पना करायची तिला गरज नाही. तिला पुढे कधी आपल्या आईविषयी करावीशी वाटली, तर या घराण्यात ते पहिल्यांदाच होईल.