‘स्पेलबाउंड’मधील स्मृती आणि प्रश्नाची भाषा

गुप्तहेर आणि मनोविश्लेषक यांच्यातील साम्य पुष्कळ टीकाकारांनी दाखविले आहे. दोघेही क्षुल्लक खुणांवरून मागे जातात आणि दडलेले उघड करतात. परंतु हे साम्य एका मर्यादेपर्यंतच टिकते. गुप्तहेराला साक्षीदाराच्या बोलण्याबाहेरचा पुरावा शोधावा लागतो. विश्लेषकाचे काम अनेकदा त्या बोलण्यावरच भागते. आल्फ्रेड हिचकॉक यांच्या ‘स्पेलबाउंड’ (१९४५) या चित्रपटात या दोन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या आहेत, आणि त्यामुळे उत्पन्न होणारी अडचण हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

फ्रान्सिस बीडिंग यांच्या १९२७ मधील कादंबरीवरून बेन हेक्ट यांनी ही पटकथा रचली. मनोरुग्णालयाचे निवृत्त होऊ घातलेले प्रमुख डॉ. मर्चिसन यांच्या जागी डॉ. एडवर्ड्स म्हणून जो तरुण येतो तो खरा एडवर्ड्स नव्हे. तो स्मृतिलोप झालेला मनुष्य आहे आणि एडवर्ड्सचा खून आपणच केला असे त्याला वाटते. तेथील डॉ. कॉन्स्टन्स पीटरसन त्याच्या प्रेमात पडते, त्याच्यासह पळून जाते आणि प्रश्न विचारून विचारून त्याची स्मृती परत आणते.

हे प्रश्न कशा प्रकारचे आहेत, इकडे समीक्षेचे लक्ष क्वचितच गेले आहे. सारी चर्चा साल्वादोर दाली यांनी रेखाटलेल्या स्वप्नदृश्यापाशी थांबते. कॉन्स्टन्सच्या प्रश्नांमागे ‘तू खुनी नाहीस’ हे विधान आधीच गृहीत धरलेले आहे. हे तिने कशावरून ठरविले? प्रेमावरून. तिचे वृद्ध गुरू ब्रुलॉव्ह यासाठी तिची थट्टा करतात, आणि ती थट्टा शास्त्रीय आक्षेप म्हणून अगदी रास्त आहे. परंतु कथानक नायिकेच्या बाजूचे असल्यामुळे तो आक्षेप विनोदातच विरून जातो. चित्रपटाच्या आरंभीच्या निवेदनात मनाची कुलूपबंद दारे उघडण्याची भाषा आहे. दार उघडले की आतील वस्तू जशीच्या तशी हाती येते, असे ते रूपक आपल्याकडून न बोलता मान्य करवून घेते.

वस्तुस्थिती निराळी आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात प्रेक्षकांना मोटारींच्या अपघाताची चित्रफीत दाखविली होती. काहींना मोटारी एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता असे विचारले, तर काहींना त्या ‘आपटून चक्काचूर झाल्या’ तेव्हा किती होता असे. आठवड्यानंतर फुटलेली काच दिसली होती काय, असे विचारता पहिल्या पन्नासांपैकी ७ जण ‘होय’ म्हणाले. दुसऱ्या पन्नासांपैकी १६. काच मुळात फुटलेलीच नव्हती. एका क्रियापदाने स्मृतीत काच घातली होती.

इंग्रजीत निश्चित उपपदही हेच काम करते. मराठीत उपपदे नाहीत म्हणून आपली भाषा निर्दोष ठरते असे मात्र नव्हे. ‘फुटलेला दिवा पाहिलात का?’ आणि ‘तो फुटलेला दिवा पाहिलात ना?’ हे दोन प्रश्न शेजारी ठेवावेत. दुसऱ्यातील ‘तो’ दिव्याचे अस्तित्व गृहीत धरतो आणि ‘ना’ होकाराची वाट पाहतो. ‘तुम्हीच दार लावलेत’ यातील ‘च’ तर दार कोणीतरी लावले हे वादाबाहेर काढून टाकतो. आपल्या साक्षविषयक कायद्याने सरतपासणीत सूचक प्रश्नांवर सामान्यतः बंधन घातले आहे, त्याचे मर्म या निपातांतच सापडेल. विश्लेषकाच्या खोलीत मात्र हरकत घेणारा वकील नसतो.

त्याचे परिणाम पडद्यापुरते राहिलेले नाहीत. १९६९ मधील एका बालिकेच्या खुनाबद्दल कॅलिफोर्नियात १९९० मध्ये एका गृहस्थास दोषी ठरविण्यात आले ते त्याच्या मुलीला वीस वर्षांनंतर आलेल्या आठवणीच्या आधारे. त्या आठवणीतील तपशील जुन्या वृत्तपत्रांतही छापलेले होते, हे पंचांपुढे मांडण्याची मुभा बचावपक्षाला मिळाली नव्हती. १९९५ मध्ये संघीय न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. बाहेरचा पुरावा म्हणून जे पुढे आले, तेच आठवणीचे उगमस्थान असू शकत होते!

चित्रपटाला ही अडचण कोठेतरी जाणवली असावी, असे वाटल्यावाचून राहत नाही. स्वप्नातील पंखांवरून देवदूत आणि देवदूतावरून गॅब्रिएल दरी, अशी साखळी शब्दांच्या आधारे जुळविली जाते; श्लेषावर उभारलेली ही युक्ती मला तरी पोरकट वाटते. शिवाय ती नायकाला वाचवीत नाही. दरीत प्रेत सापडते, पण त्यात गोळी असते आणि नायकालाच शिक्षा होते. म्हणजे आठवण खरी निघूनही निर्दोषत्व सिद्ध होत नाही.

ते सिद्ध होते निराळ्याच वाटेने. खचून परतलेल्या कॉन्स्टन्सचे सांत्वन करताना डॉ. मर्चिसन बोलून जातात की, एडवर्ड्सशी आपली थोडीशीच ओळख होती आणि तो आपल्याला फारसा आवडत नसे. ओळख होती, तर तोतया आला त्या दिवशी त्यांनी त्याला ओळखले कसे नाही? येथे कोणी प्रश्न विचारलेला नाही. संपूर्ण चित्रपटात हे एकच विधान असे आहे की ज्याला विश्लेषकाच्या प्रश्नाने आकार दिलेला नाही, आणि रहस्य फुटते ते त्यावरच. गुप्तहेर कॉन्स्टन्स या क्षणी प्रथमच जागी होते.

यानंतर ती स्वप्नाचे टिपण पुन्हा काढते. त्यात जुगारगृहाचा एक मुखवटाधारी मालक होता. त्याच्या हातातून एक लहानसे चाक खाली पडते. पूर्वीच्या वाचनात त्याच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नव्हते. आता चाकाचे रिव्हॉल्व्हर होते आणि मुखवट्यामागे मर्चिसनचा चेहरा दिसू लागतो. एवढेच नव्हे, तर स्वतः मर्चिसन तो अर्थ लावण्यास हातभार लावतो. टिपणात एका अक्षराचीही भर पडलेली नाही. बदलला आहे तो फक्त वाचणारीचा प्रश्न, आणि याही वेळी उत्तर तिला आधीच ठाऊक आहे.