विमोचन झालं, विसर्जनाचं काय?

नरहर कुरुंदकरांच्या ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ या पुस्तकाचं नावच आधी नीट वाचायला हवं. संभाजीनगरात दर १७ सप्टेंबरला आपण त्यातला पहिलाच शब्द साजरा करतो : १९४८ साली निजामाची सत्ता संपली. पण हैदराबाद राज्य पुढे आठ वर्षं टिकलं. १ नोव्हेंबर १९५६ला ते मोडलं, तेव्हा मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

कुणापासून सुटायचं आणि सुटून कुणासोबत राहायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ब्रिटननं २०१६च्या सार्वमतात फक्त पहिला विचारला. ५१.९ टक्के ‘बाहेर’ म्हणाले. बाहेर म्हणजे नेमकं कसं, यावर संसद साडेतीन वर्षं भांडली.

आपल्याकडे सार्वमत दोन्ही वेळा झालं नाही. दुसऱ्या प्रश्नाच्या अटी मात्र १९५३च्या नागपूर करारात लिहिल्या गेल्या : खर्चात, नोकऱ्यांत, शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा. आज अनुशेषावर बोलताना आपण तोच कागद पुढे करतो. म्हणून झेंडावंदन झाल्यावर शीर्षकातला दुसरा शब्दही वाचावा. आपला हिशेब तिथेच अडलाय.