चित्रलेखेचा प्रश्न

शुक्राचार्यांच्या शापाने आलेले वार्धक्य ययाती पुत्र पुरूला देतो व त्याचे तारुण्य घेतो. परंपरेने पुरूचा त्याग गौरविला. गिरीश कर्नाड यांनी ‘ययाति’ (१९६१) या कन्नड नाटकात पुरूला चित्रलेखा ही पत्नी दिली. महाभारतातील या प्रसंगी ती नाही. तिच्या प्रश्नांपुढे राजा निरुत्तर होतो. मात्र तारुण्य परत करतो, ते तिने विष घेतल्यानंतर! त्यागाची किंमत भलत्यालाच मोजावी लागते, हे या नाटकाचे मर्म आम्हांस वाटते.

बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेल्या वाहनांत शाळा सोडून बसलेली लेकरे पाहिली, की ती कथा जुनी वाटत नाही. येथे ययाती त्यांचे आईबाप नव्हेत; साखर गोड मानून घेणारे आपण सारेच आहोत. प्रभू येशूने स्वतःचा प्राण स्वेच्छेने दिला. दुसऱ्याच्या लेकराचे बालपण मागितले नाही.