सोय, सोयरीक आणि आस्वाद : ‘स्वामी’च्या वाचनाविषयी

ऐतिहासिक प्रणयकादंबरी आवडणे ही गोष्ट मराठी समीक्षेच्या क्षेत्रात काहीशी संकोचाची ठरली आहे. वाचनालयाच्या देवघेव विभागात जी पुस्तके हाताळून हाताळून पुन्हा पुन्हा बांधून घ्यावी लागतात, त्यांच्याविषयी विद्यापीठीय अभ्यासक बहुधा दोनच प्रश्न विचारतो : यातील इतिहास खरा किती, आणि यातील रंजन दोषास्पद किती? रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) या दोन्ही प्रश्नांना अनेकदा सामोरी गेली आहे. १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला, तरीही तो संकोच फारसा कमी झाला नाही. या दोन प्रश्नांच्या मधल्या जागेत तिसरा प्रश्न दुर्लक्षित राहतो. या कादंबरीचा वाचक नेमका कशाचा आस्वाद घेतो? हा प्रश्न वाचकाच्या मानसशास्त्राचा म्हणून बाजूला सारता येत नाही. आस्वादाचे स्वरूप कळल्याखेरीज संहितेची घडण कळत नाही.

प्रणयकादंबरीच्या जागतिक परंपरेत ‘आधी विवाह, मग प्रेम’ हे एक रुळलेले आशयसूत्र आहे. जॉर्जेट हेयर यांच्या १९३४ च्या ‘द कन्व्हीनिअंट मॅरेज’ या कादंबरीचे शीर्षकच त्याची साक्ष देते. कर्ज, वारसा किंवा घराण्याची प्रतिष्ठा यांसाठी जुळवलेला विवाह पुढे अनपेक्षितपणे प्रेमात परिणत होतो, हे या कादंबऱ्यांचे आकर्षण असते. ज्या समाजाने प्रेमविवाहाला आदर्श मानले, तेथे सोयीचा विवाह हा अपवाद ठरतो आणि त्या अपवादातूनच कथेचे कुतूहल निर्माण होते. मराठी वाचकाची स्थिती उलटी आहे. त्याच्या अनुभवात जुळवलेला विवाह हा नियम आहे. ‘सोय जाणे तो सोयरा’ ही म्हण हेच सांगते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘सोयरा’ हा शब्द ‘सोदर’शी, म्हणजे सख्ख्या भावाशी जोडला जातो, ‘सोय’ या शब्दाशी नव्हे. तथापि लोकभाषेने दोहोंची सांगड घालून नात्याचा व्यवहार उघड केला आहे. जेथे प्रत्येक सोयरीकच सोयीची, तेथे ‘विवाह होईल काय?’ या प्रश्नात कथा नसते. कथा असते ती ‘या विवाहातून सहवास निर्माण होईल काय?’ या प्रश्नात.

पेशव्यांच्या घराण्यातील विवाह हे या नियमाचे ठळक उदाहरण होय. थोरल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाई या चास येथील जोशी या सावकारी घराण्यातील. सत्ता उभारू पाहणारे घराणे आणि पैसा असलेले घराणे यांची ती सोयरीक होती. माधवराव आणि रमाबाई यांचा विवाह १७५३ मध्ये झाला, तेव्हा माधवराव अवघे आठ वर्षांचे होते. या वयात संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. ‘स्वामी’ या दांपत्याकडे प्रामुख्याने १७६१ नंतरच्या काळात पाहते. पानिपताचा आघात, नानासाहेबांचा मृत्यू आणि कोवळ्या वयात आलेली पेशवाई यांच्या छायेत ही दोन माणसे एकमेकांना ओळखू लागतात. विवाह मागे पडला आहे, परिचय मात्र आता होत आहे. ही कालरचना हेच कादंबरीच्या आकर्षणाचे पहिले रहस्य आहे. बालविवाहाचा अप्रिय आरंभ तिने दृष्टीआड केला आहे आणि वाचकाच्या हाती केवळ त्याचे फलित ठेवले आहे.

दुसरे रहस्य शीर्षकात आहे. ‘स्वामी’ या शब्दात धनी, राज्यकर्ता आणि पती हे तिन्ही अर्थ नांदतात. राज्यव्यवहारात पेशवा हा छत्रपतींचा सेवक. घरात मात्र तो स्वामी. कादंबरीची घडण या अर्थांच्या ताणावर उभी आहे. राघोबादादांशी कलह, निजामाशी राक्षसभुवनची लढाई (१७६३), हैदरअलीविरुद्धच्या कर्नाटकातील मोहिमा, धोडपचा संघर्ष (१७६८) अशी राजकीय घटनांची मालिका पुढे सरकत असते आणि तिच्या फटींतून दांपत्याच्या भेटी घडतात. मोहीम हा विरहाचा हेतू होतो, तर महाल ही मीलनाची जागा. संवादातील आदरार्थी बहुवचन, ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचे सोवळे अंतर, यांमुळे जवळीक उघडपणे बोलता येत नाही. ती सूचित करावी लागते. शृंगाराला लागणारा संकोच येथे दरबारी रीतिरिवाजानेच पुरवला आहे.

येथे वाचकाच्या स्थानाचा विचार अपरिहार्य ठरतो. जॅनिस रॅडवे यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकी प्रणयकादंबऱ्यांच्या वाचकस्त्रियांच्या अभ्यासात संहितेचा अर्थ आणि वाचनाची कृती यांत भेद केला होता. संहिता परंपरेचे समर्थन करीत असेल, पण घरकामातून काढलेल्या वेळात ती वाचणे ही कृती स्त्रीने स्वतःसाठी मागितलेली जागा असू शकते. हा भेद रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात लावून पाहिल्यास त्याला वेगळा अर्थ प्राप्त होतो. या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे २००१ च्या जनगणनेत ११३६ आणि २०११ मध्ये ११२२ स्त्रिया नोंदवल्या गेल्या. या आकड्यांमागे मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांचा दीर्घ इतिहास आहे. पती मुंबईत, पत्नी घर, शेती आणि सासू-सासरे सांभाळत गावात, आणि सहवास गणपती, शिमगा किंवा मे महिन्याच्या रजेपुरता, अशी संसाराची रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालली. ज्या शहरातील नगर वाचनालयाची परंपरा १८२८ पर्यंत मागे जाते, तेथे मोहिमेवरून परतणाऱ्या पेशव्याची वाट पाहणारी रमा केवळ ऐतिहासिक पात्र म्हणून वाचली जाईल, हे संभवत नाही. हे अनुमान आहे, सिद्ध केलेला निष्कर्ष नव्हे. परंतु ते ग्राह्य धरल्यास या आस्वादाला ‘पलायन’ म्हणणे अपुरे ठरते. वाचक स्वतःच्या जीवनापासून दूर जात नाही. शनिवारवाड्याच्या वाटेने ती स्वतःच्याच ओसरीवर परत येते.

या भूमिकेवर येणारा आक्षेप बलवान आहे. वि. का. राजवाडे यांनी १९०२ च्या ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुत आणि वास्तव या प्रवृत्तींचा विचार करून मराठी कादंबरीला वास्तवाची दिशा दाखवली होती. पुढे भालचंद्र नेमाडे यांनी ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या तीन कादंबऱ्यांवरून मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती मांडल्या आणि ऐतिहासिक कादंबरीच्या मर्यादा कठोरपणे दाखवल्या. वर्तमानातील प्रश्नांना सामोरे न जाता भूतकाळाचे उदात्तीकरण करणे, हा या परंपरेचा दोष नाकारता येत नाही. ‘स्वामी’तही दांपत्यातील सत्तासंबंधांची चिकित्सा नाही. त्यांचे हळुवारीकरण आहे. मात्र हा आक्षेप कृतीचे मूल्यमापन करतो, तिच्या परिणामाचा उलगडा करीत नाही. निवड न करता मिळालेल्या नात्यात निवडीचा आनंद शोधण्याची आकांक्षा ही वास्तवाबाहेरची नाही. असंख्य मराठी संसारांतील ती अत्यंत वास्तव आकांक्षा आहे. अद्भुताच्या रूपाने ती व्यक्त झाली म्हणून ती खोटी ठरत नाही.

खरी अडचण याहून गंभीर आहे आणि ती शेवटाशी निगडित आहे. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे सत्तावीस वर्षांचे माधवराव क्षयाने मरण पावले आणि रमाबाई सती गेल्या. हे इतिहासाने दिलेले आहे, कादंबरीकार ते टाळू शकत नव्हता. परंतु इतिहासातील घटना आणि कादंबरीतील समाप्ती या भिन्न गोष्टी होत. इतिहासात ते एका स्त्रीचे जळणे आहे. कादंबरीत ती प्रेमकथेची परिपूर्ती होते, कारण तोवरची सारी रचना वाचकाला तिच्याकडेच नेत असते. सोयीच्या विवाहातून प्रेम निर्माण झाले, याचा अंतिम पुरावा म्हणून चिता सादर होते. १९८७ मध्ये देवराला येथे रूपकुंवर हिचा मृत्यू घडला आणि सतीच्या गौरवाविरुद्ध त्याच वर्षी कायदा झाला. त्यानंतर या पानांवर दाटून येणारे अश्रू निरागस राहू शकत नाहीत. साधारणीकरणाच्या प्रक्रियेत वाचक व्यक्तिगत हितसंबंधांपासून मुक्त होतो, असे रससिद्धान्त सांगतो. येथे मात्र ती मुक्ती वाचकाला अशा भावनेत सामील करते, जिला विचारान्ती तो संमती देणार नाही.

ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’शी (१९७२) तुलना केल्यास हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. १७२९ मध्ये बंगशाविरुद्ध छत्रसालाच्या साहाय्यास बाजीराव धावून गेले, त्या राजकीय प्रसंगातून मस्तानी त्यांच्या जीवनात आली. येथे सोयीची, समाजमान्य सोयरीक काशीबाईंशी आहे आणि प्रेम मात्र अशा संबंधात अवतरते, ज्याला घर व धर्मसत्ता विवाह म्हणावयास तयार नाहीत. त्यामुळे ‘राऊ’च्या वाचकाला सुख अविभक्त मिळत नाही. मस्तानीसाठी हळहळताना काशीबाईंचे मौन त्याला टोचत राहते. ‘स्वामी’ कर्तव्य आणि प्रेम यांचा मेळ घालते, ‘राऊ’ तो मेळ किती दुर्मीळ आहे हे दाखवते. दोन्ही कादंबऱ्या एकाच घराण्याच्या, पण एकीने दिलेले आश्वासन दुसरी काढून घेते.

म्हणून ‘स्वामी’च्या आस्वादाचा निषेध करणे जितके सोपे, तितकेच निष्फळ आहे. जो विद्यार्थी ही कादंबरी आवडल्याचे वर्गात सांगायला कचरतो, तो तिच्याविषयी काही शिकूही शकत नाही. आवडण्याची कबुली ही समीक्षेची पूर्वअट आहे, शेवट नव्हे. मीलनाच्या प्रसंगी सुखावलेला आणि चितेपाशी गहिवरलेला वाचक एकच असतो. या दोन्ही क्षणांचे धागे कोठे जुळले आहेत हे त्याने स्वतःला विचारले, तर त्याला कादंबरीच्या घडणीबरोबर आपल्या विवाहसंस्थेचीही घडण दिसेल. ‘सोय जाणे तो सोयरा’ ही म्हण खरी मानली, तर सोय कोणाची, हा प्रश्न तिच्यात अनुच्चारित राहिलेला आहे. रमाबाईंच्या वतीने तो विचारण्याचा अधिकार जो वाचक त्यांच्याबरोबर सुखावला, त्यालाच अधिक आहे.