अंकासोबतची सीडी : नमुना, जाहिरात आणि परीक्षण



टीव्हीला जोडून खेळायच्या कन्सोलसाठी १९९५ नंतरच्या काळात एक वेगळ्याच धर्तीची मासिकं निघत होती. अंकासोबत सीडी यायची. ती कन्सोलमध्ये घातली की आत ज्या गेमबद्दल लिहिलंय त्यातला एखादा टप्पा स्वतः खेळून बघता यायचा. काही ठिकाणी तर सीडी हाच अंक होता. आज आपण या मासिकांकडे समीक्षेच्या अंगानं बघणार आहोत. प्रश्न साधा आहे. परीक्षणाचा विषयच परीक्षणाशेजारी ठेवला, तर परीक्षणाचं काय होतं?

पुस्तकाचं परीक्षण लिहिताना आपण त्यातला उतारा देतो. वाचक तो वाचतो आणि ठरवतो, की हा समीक्षक बरोबर बोलतोय की उगाच. गेमचा उतारा कागदावर देता येत नाही. चित्र छापता येतं. पण उडी मारताना पात्र किती जड वाटतं, गाडी वळणावर कशी घसरते, हे कसं छापणार? सीडीनं हा उतारा देण्याची सोय केली. आमच्या मते या मासिकांची खरी कामगिरी ही आहे. फुकट गेमचं कौतुक त्यानंतरचं.

उदाहरण घेऊ. सोनीचं प्लेस्टेशन युरोपात १९९५च्या सप्टेंबरात आलं. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये ‘ऑफिशियल यूके प्लेस्टेशन मॅगझिन’ सुरू झालं आणि २००४पर्यंत चाललं. आत परीक्षणं, दहापैकी गुण. सोबत डेमोची सीडी. आता विचार करा, समीक्षकानं लिहिलं की नियंत्रण ढिसाळ आहे, आणि वाचकानं त्याच गेमचा तुकडा स्वतः खेळलाय. तो नुसता वाचत नाही, पडताळतो. गुणांचा आकडा त्याच्यापुढे आज्ञा म्हणून उभा राहत नाही, मत म्हणून उभा राहतो. हातात पैसे थोडे आणि गेम महाग, अशा शाळकरी वाचकासाठी ही छोटी गोष्ट नव्हती.

पण थांबा, दुसरी बाजूही बघू. तुकडा कोण निवडतो? पुस्तकातला उतारा समीक्षक निवडतो. हवा तर सगळ्यात वाईट परिच्छेदही तो पुढे ठेवू शकतो. डेमो मात्र गेम विकणारा तयार करून देतो. शिवाय प्लेस्टेशन सीडीवरची खूण तपासूनच ती चालवायचं, म्हणजे सोनीच्या परवानगीशिवाय खेळती सीडी काढणं सोपं नव्हतं. अधिकृत मासिकाचं मोठं भांडवल ती परवानगीच होती. ज्याच्या मालाचं परीक्षण करायचं, त्याच्याच मर्जीवर अंकाचं मुख्य आकर्षण अवलंबून! हा पेच त्या मासिकांच्या रचनेतच होता. प्रत्येक संपादक लबाड होता असं आम्ही म्हणत नाही. प्रामाणिक संपादकालाही याच जागेत उभं राहून लिहावं लागत होतं.

आणखी एक दोष. तुकड्यावरून सगळ्याच गेमची पारख होत नाही. ‘टोनी हॉक्स प्रो स्केटर’मध्ये एक फेरी दोन मिनिटांची असते. गोदामाचा एक टप्पा दिला तरी गेमचं मर्म कळतं, आणि तोच टप्पा पन्नास वेळा खेळूनही कंटाळा येत नाही. पण चाळीस तास हळूहळू उलगडणारी कथा एका तुकड्यात कशी बसवणार? चटकन हाताला लागणाऱ्या गेमना ही पद्धत धार्जिणी होती, संथ गेमवर अन्याय करणारी.

मग ज्यात परीक्षकच नाही असं मासिक? तेही होतं. सोनीच्याच अमेरिकी शाखेनं १९९७मध्ये ‘प्लेस्टेशन अंडरग्राउंड’ सुरू केलं, ते २००१पर्यंत निघालं. हा अंक चाळायचा तो कंट्रोलर हातात धरून. त्यात डेमो, गेम बनवणाऱ्यांच्या मुलाखती, युक्त्यांचे व्हिडिओ, शिवाय मेमरी कार्डावर उतरवून घ्यायच्या फायली. म्हणजे घरचंच मुखपत्र, नापसंतीला जागा नाही. तरी ते आम्हाला टाकाऊ वाटत नाही. गेम माणसं बनवतात, त्यांना चेहरे असतात, निर्णय घ्यावे लागतात, हे त्यानं दाखवलं. मात्र निर्मितीची ओळख करून देणं वेगळं आणि मूल्यमापन वेगळं. पहिल्याला दुसरं समजायची चूक आपण करू नये.

या सगळ्यात आम्हाला सर्वांत मोलाचं काय वाटतं, विचाराल तर नेट यारोझे. घरी बसून गेम लिहू पाहणाऱ्यांसाठी सोनीनं काळ्या रंगाचं खास प्लेस्टेशन विकलं. त्यावर लिहिलेल्या गेमला चालताना सीडीवरून मजकूर मागवता येत नसे. सगळा कारभार यंत्राच्या स्मृतीत, मुख्य भाग तर दोन मेगाबाइटमध्ये, बसवावा लागे. असे हौशी गेम त्या ब्रिटिश मासिकाच्या सीडीवर मोठ्या कंपन्यांच्या डेमोंशेजारी आले. वाचकांचा पत्रव्यवहार खेळता झाला म्हणा ना! आणि हे तुकडे नव्हते, पुरे गेम होते. विकणाऱ्यानं निवडलेल्या नमुन्यांच्या गर्दीत इथे वाचक स्वतः कर्ता झाला.

आपल्याकडे अंकासोबतची सीडी बहुतेकांना आठवते ती ‘चिप’ किंवा ‘डिजिट’सारख्या संगणकाच्या मासिकांमुळे. आधी प्लास्टिक फाडून सीडी काढायची, मग सवडीनं अंक. आम्हीही तेच केलंय, कबूल करतो. पण कन्सोलच्या मासिकातला फरक लक्षात घ्या. तिथे सीडीवरचा गेम आणि पानावरचं मत एकमेकांना उत्तर देऊ शकत होते. आपण पान न वाचता नुसती सीडी लावली, तर तो संवादच तुटतो आणि उरते ती जाहिरात.

पुढे डेमो इंटरनेटवरून उतरवता येऊ लागले आणि सीडीची गरज सरली. अमेरिकेतलं अधिकृत प्लेस्टेशन मासिक २००७च्या जानेवारी अंकानं संपलं. आज स्टीमवर विकत घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर परत करता येतो. ग्राहक म्हणून ही सोय जास्त चांगली आहे, नाकारायचं कारण नाही. पण त्यात शेजारी बसून ‘हे बघ, इथे चुकलंय’ म्हणणारा कुणी नाही. नमुना आहे, मत नाही. व्हिडिओंमध्ये उलट, मत भरपूर आणि हात दुसऱ्याचा.

म्हणून शेवटी एवढंच सांगू. जुना अंक सापडला तर त्याच्या पाकिटातली सीडी वेगळी करून टाकू नका. डेमो पुष्कळदा गेम पुरा होण्याआधीच्या खर्ड्यातून काढलेला असतो. बाजारात आलेल्या गेममध्ये नसलेल्या गोष्टी त्यात सापडतात. आणि परीक्षण वाचायचं तर सीडी लावून वाचा. समीक्षक कुठे खरा बोलला आणि कुठे त्यानं हात आखडता घेतला, ते तुमच्या बोटांनाच कळेल.